धूर घराबाहेर काढताना

आग विझली, बंब परत गेला, पंचनामा झाला, की संकट टळले असे आपण मानतो. वैद्यकीय दृष्टीने मात्र पुढचे काही आठवडेही जपण्याचे असतात. राजपुरा, लोधीपुरा, शनवारा यांसारख्या आपल्या जुन्या वस्त्यांत घराला घर लागून आहे. भिंती सामायिक, जुन्या छतांना लाकडी कड्या, आणि कित्येक ठिकाणी राहत्या जागेतच यंत्रमाग व सुताचे गठ्ठे. एका खोलीतल्या आगीचा धूर अशा ठिकाणी चार घरांत शिरतो. ज्वाला तेथवर पोहोचत नाहीत. वास पोहोचतो आणि मुक्काम ठोकतो.

तो घालविण्यासाठी आपल्याकडे जे केले जाते, त्याला माझी स्पष्ट हरकत आहे. आधी ऊद आणि धूप, मग अगरबत्त्या, मग सुगंधी फवारा, आणि आठ दिवसांत रंगारी बोलावून घाईने डिस्टेंपरचा हात. घरात शांती करावयाची असेल तर अवश्य करावी, पण घर धुऊन झाल्यावर. धुराने माखलेल्या खोलीत आणखी धूर करण्याने कोणाचेही भले होत नाही.

वास म्हणजे केवळ नाकाला होणारा त्रास नव्हे. काजळीचे अतिसूक्ष्म कण, डांबरासारखे चिकट अंश, फिनॉल व अल्डिहाइड वर्गातील बाष्पे हे सारे गादी, कपडे, लाकूड व चुन्याच्या भिंती शोषून घेतात, आणि उष्णता किंवा दमट हवा मिळताच पुन्हा सोडू लागतात. म्हणूनच उन्हाळ्यात रंगविलेले घर मृगाच्या पहिल्या सरीबरोबर पुन्हा वास मारू लागते. त्यातही आपले नाक हा भरवशाचा साक्षीदार नाही. सतत एकाच वासात राहणाऱ्याला तो लवकरच जाणवेनासा होतो. तेव्हा घरच्यांचे मत ग्राह्य धरू नये. खोली रात्रभर बंद ठेवावी आणि सकाळी दार उघडताच बाहेरच्या माणसाला विचारावे.

या बाबतीत २०२३ साली ‘सायन्स अॅडव्हान्सेस’ या नियतकालिकात कोलोरॅडो राज्य विद्यापीठाच्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एका प्रायोगिक घरात धूर सोडून त्यांनी मोजमापे घेतली. हवा शुद्ध करणारे यंत्र चालू असेपर्यंत बाष्पांचे प्रमाण उतरे आणि यंत्र बंद होताच पुन्हा चढे. टिकाऊ फरक पडला तो पृष्ठभाग पुसण्याने, फरशी धुण्याने आणि व्हॅक्यूम क्लीनरने. महागड्या यंत्रापेक्षा आजीच्या हातातले फडके सरस ठरले म्हणा ना! वास मारण्यासाठी ओझोन सोडणारी यंत्रे विकली जातात, त्यांपासून तर दूरच राहावे. ओझोन हा वायू स्वतःच श्वसनमार्गाचा दाह करणारा आहे.

फडक्यालाही क्रम असतो. प्रथम वीजजोडणीची तपासणी, नंतर समोरासमोरची दारे-खिडक्या उघडणे. काम करणाऱ्याच्या तोंडावर एन-९५ मास्क असावा. ओला रुमाल सूक्ष्म कण अडवीत नाही. कोरडी काजळी केरसुणीने झाडू नये, कारण ती उडते. एकदम ओल्या फडक्यानेही पुसू नये, कारण ती भिंतीत मुरते. आधी व्हॅक्यूमने किंवा कोरड्या स्पंजने टिपून घ्यावी, मग साबणाच्या कोमट पाण्याने भिंत खालून वर धुवावी; कोरड्या भागावर ओघळ उतरले तर त्यांचे डाग राहतात. लाकडी कड्या पुसून वाळवून घासाव्यात आणि त्यांवर लाखेचे पॉलिश द्यावे. रंग सर्वांत शेवटी. ब्लीचिंग पावडर व संडासाचे अॅसिड कदापि एकत्र करू नये. क्लोरीन वायूने गुदमरण्याची वेळ येते.

कूलरकडे सहसा कोणाचेच लक्ष जात नाही. त्याच्या ताट्यांत धूर मुरलेला असतो आणि आपल्या मे महिन्यात तोच कूलर रात्रभर बाळाच्या अंगावर वारा सोडतो. ताट्या बदलणे हाच उपाय. कापसाची गादी पिंजून घेण्याचा मोहही टाळावा. गादीतली काजळी पिंजाऱ्याच्या छातीत जाईल, एवढेच होईल. उघडे पीठ-मसाले टाकून द्यावेत. उष्णता लागलेली औषधे, विशेषतः इन्सुलिन, वापरू नयेत.

आता आम्हा वैद्यकीय व्यावसायिकांविषयी. महिनाभर न थांबणारा खोकला घेऊन मूल आले की आपण छाती तपासतो, घरात कोणाला क्षय आहे का हे विचारतो आणि इनहेलर लिहून देतो. घरात किंवा शेजारी आग लागली होती का, हा प्रश्न आपल्या प्रश्नावलीत नसतो. तो असावयास हवा. रांगणारी मुले जमिनीवरचे हात तोंडात घालतात. दमेकरी, हृदयरोगी, गर्भवती आणि वृद्ध यांना थोडी काजळीही भारी पडते. सफाई पूर्ण होईपर्यंत त्यांनी नातेवाइकांकडे राहावे, असे स्पष्ट शब्दांत सांगणे हाही उपचाराचाच भाग आहे.

परंतु ज्यांचे घर आणि माग एकाच खोलीत आहेत, त्यांनी कोठे जावे? मध्य प्रदेशात राजस्व पुस्तक परिपत्र ६-४ अन्वये आगग्रस्तांना शासकीय मदत मिळते. मात्र पंचनाम्यात जे जळाले तेच ठळकपणे येते. पलीकडच्या घरात नुसता धूर भरला, त्याला कोण विचारतो? तेथे शासनाची वाट पाहण्याऐवजी आपल्या संस्थेने पुढे यावे. हेपा फिल्टर असलेला एक व्हॅक्यूम क्लीनर, मास्क व हातमोज्यांची खोकी आणि कामाचा क्रम सांगणारे मराठी, हिंदी व उर्दू पत्रक एवढे साहित्य एखाद्या सभासदाच्या दवाखान्यात ठेवता येईल. मागणाऱ्याने जात-मोहल्ला न सांगता न्यावे, काम झाल्यावर परत आणून द्यावे. खर्च एका स्नेहसंमेलनाच्या जेवणावळीहून अधिक होणार नाही.