उभ्या गाडीचं भाडं

दिवाळीच्या मागेपुढे यवतमाळ-वर्ध्याकडच्या कोणत्याही गावात पारावर बसा, दोन आकडे कानावर पडतातच. वेचाई किती आणि जिनिंगपर्यंतचं भाडं किती. वेचाई किलोवर ठरते, ती गावात सगळ्यांना जवळपास सारखी. भाडं मात्र खेपेवर ठरतं. लहान कास्तकार मरतो तो तिथे.

हिशेब साधा आहे. समजा, जिनिंग तीस किलोमीटरवर आहे आणि ट्रॅक्टरवाला खेपेचे अडीच हजार सांगतो. ट्रॉलीत वीस क्विंटल कापूस असेल तर क्विंटलमागे सव्वाशे रुपये पडले. तीन-चार एकरवाल्याच्या एका वेच्यात निघतो आठ क्विंटल. त्याला तोच रस्ता, तीच ट्रॉली क्विंटलमागे तीनशे बारा रुपयांना पडते. छोटा हत्ती टेम्पो केला तर खेप स्वस्त, पण त्यात किती मावेल ते आत उभं राहून कापूस तुडवणाऱ्याच्या पायांवर अवलंबून. कापसाची गाडी वजनाने भरत नाही, जागेने भरते. फळ्या वाढवा, जाळी लावा, वरून दोर आवळा. मग तो डोंगर घेऊन जाताना सगळं लक्ष रस्त्यावरच्या लोंबत्या विजेच्या तारांकडे. तार घासून पेटलेल्या गाडीची गोष्ट आमच्या भागातल्या बहुतेक गावांना ठाऊक आहे.

शिवाय आपण वाहून काय नेतो? शंभर किलो कापसात रुई साधारण चौतीस-पस्तीस किलो. बाकी मुख्यतः सरकी. म्हणजे भाड्याचे तीनातले दोन हिस्से सरकीपायी जातात, आणि त्याच सरकीची ढेप आपण पुढे बैलांसाठी त्याच रस्त्याने विकत आणतो. (ट्रॅक्टरवाल्याला परतीचं भाडं मिळालं तर ते या ढेपेचं. पण ते मिळणार हे तो आधी कबूल करत नाही.)

इंग्रजांना हे गणित नीट कळलं होतं. १८७० च्या सुमारास त्यांनी खामगाव आणि अमरावतीच्या कापूसपेठा फाट्यांनी मुख्य लोहमार्गाला जोडल्या. पुढे यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची ‘शकुंतला’ रेल्वे आली. गावोगावी जिनिंग-प्रेसिंग उभी राहिली, कारण दाबून बांधलेली गाठ कितीही लांब स्वस्तात जाते. आजची गाठ १७० किलोची. तिच्यासाठी लागतो साधारण पाच क्विंटल कापूस. सोय झाली ती जिनिंगच्या दारापासून पुढे. शेतापासून दारापर्यंतचा पहिला टप्पा तेव्हाही सुट्या कापसाचा होता, आजही आहे. बैलबंडीच्या जागी इंजिन आलं, एवढाच फरक.

टेक्सासवाल्यांची अडचण वेगळ्या मापाची, पण जात तीच. तिथे यंत्राने कापूस भराभर निघायचा आणि ट्रेलर जिनिंगसमोर अडकून पडायचे. १९७२ च्या आसपास तिथल्या विद्यापीठात मॉड्यूल बिल्डर तयार झाला. कापूस शेताच्या कडेलाच दाबून त्याची भलीमोठी वडी करायची, ताडपत्री घालायची आणि जिनिंगची पाळी आली की उचलायची. त्याने किलोमीटर घटले नाहीत; थांबायचं काम चाकांवरून जमिनीवर आलं. आपल्याकडे हाताने तीन-चार वेचे होतात, दर वेच्याचा माल थोडा आणि वेगळा. ती यंत्रं इथे चालायची नाहीत. तरी भाडं वाढतं ते गाडी उभी राहिल्याने, हे त्यांनी ओळखलं.

इथे गाडी उभी राहते रांगेत. संध्याकाळपर्यंत काटा झाला नाही की मुक्काम आणि मुक्कामाचे पैसे वेगळे. आठ क्विंटलवाल्यावर हजार चढले तर क्विंटलमागे आणखी सव्वाशे. रात्री दव पडतं. सकाळी भारतीय कापूस महामंडळाचा (सीसीआय) ग्रेडर गाडीवर चढतो, वरचा कापूस बाजूला सारून कोपरापर्यंत हात आत घालतो, खालची मूठ काढून बघतो, मग ओलावा मोजायच्या मीटरची सळई खुपसतो. हंगाम २०२५-२६ साठी लांब धाग्याचा हमीभाव ८११० रुपये, तो आठ टक्के ओलाव्याचा. पुढच्या दर टक्क्याला एक टक्का कपात, आणि बारा टक्क्यांच्या वर सीसीआय माल घेतच नाही. बारा टक्के भरला तर क्विंटलमागे ३२४ रुपये गेले, म्हणजे त्या लहान खेपेच्या भाड्याहून जास्त. त्याहून ओला निघाला तर भरलेली गाडी परत फिरवायची की शेजारच्या खासगी जिनवाल्याच्या भावाला मान तुकवायची? त्या व्यापाऱ्यालाही माहीत असतं की चाकं भाड्याची आहेत.

म्हणून खेडा खरेदीवाला दारात येतो तेव्हा त्याचा कमी भाव ऐकून लोक हसत नाहीत. “पाचशे कमी देते, पन काटा घरी, पैसे हातात,” असं शेजारचे काका म्हणतात. त्यांना अर्थशास्त्र कळत नाही म्हणणाऱ्याने एकदा ट्रॉलीवर रात्र काढावी. घरच्या काट्यात किती जातं, हा वेगळा लेख आहे.

हंगाम २०२५-२६ मध्ये सीसीआयच्या ‘कपास किसान’ ॲपवर आधी नोंदणी करून दिवस ठरवायची सोय आली. दिवस पाळला गेला तर भाड्याचा मोठा भाग तिथेच वाचेल. दुसरा उपाय जुनाच, दोघा-तिघांनी मिळून एक ट्रॉली करायची. पण सातबारा वेगळे, पट्ट्या वेगळ्या. मग मधे ताडपत्री टाकायची, एकाचा माल उतरवून गाडी पुन्हा काट्यावर घ्यायची, मग दुसऱ्याचा. काटेवाला कुरकुरतो, पण करतो. आमच्याकडे हे जमत आलं होतं. गाडी भरायच्या दिवशी वाद निघाला की खाली कोणाचा कापूस टाकायचा. खालचा तुडवला जातो, घामतो आणि मीटरला जास्त भरतो. शेवटी दोन छोटे हत्ती वेगवेगळे गेले.