काउंटचा दोष कुणाच्या माथी?

डोंबिवलीत २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडला, २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला, २०१६ आणि २०२४ मध्ये कारखान्यांत स्फोट झाले. एवढे डोळ्यांदेखत घडल्यावर ‘इथल्या पोरांचा शुक्राणूंचा काउंट घसरला तो या हवेनेच’ हे विधान कुणालाही पटते. पण त्याला आधार काय?

वीर्यतपासणीला येतो तो बहुधा मूल राहत नाही म्हणून. त्याच्या आकड्यावरून कल्याण-डोंबिवलीतल्या तमाम पुरुषांचे अनुमान काढणे म्हणजे दवाखान्याच्या ओपीडीत उभे राहून गावात निरोगी माणूसच उरला नाही असे म्हणणे.

शिवाय आकडाही स्थिर नसतो. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात; दोन महिन्यांपूर्वीचा कडक ताप आजच्या रिपोर्टात उतरू शकतो. तपासणीआधी शेवटच्या वीर्यस्खलनानंतर दोन ते सात दिवस गेलेले असावेत. घरून नेलेली डबी अंगाच्या उबेत धरून तासाभरात लॅबला पोचली पाहिजे, आणि शीळफाट्याच्या वाहतूककोंडीला हे कोण समजावणार? म्हणून एका रिपोर्टावर निकाल लावायचा नसतो.

जगाचे आकडेही जपून वापरावे लागतात. १९७३ ते २०११ या काळात शुक्राणूंची दाटी निम्म्याहून खाली आल्याचा २०१७ चा गाजलेला निष्कर्ष युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलियातल्या पुरुषांचा होता. आशियातून तेव्हा पुरेसे अभ्यासच नव्हते. घट इकडेही दिसते, असे त्याच संशोधकांनी २०२२ मध्ये म्हटले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये ठरवलेल्या किमान मर्यादा आठ देशांतल्या, बायकोला वर्षभरात दिवस गेलेल्या पुरुषांवरून काढल्या. त्यांत भारत नव्हता. २०२१ च्या आवृत्तीतली मिलिलिटरला १.६ कोटींची मर्यादाही अशा बापांपैकी शेवटच्या पाच टक्क्यांची रेघ आहे. १.४ कोटी आले म्हणून ठाण्यातल्या कुणाला ‘मूल होणारच नाही’ असे सांगणे हा शुद्ध अडाणीपणा.

मग फरक नसतातच का? असतात, पण ते पत्त्यापेक्षा कामात शोधावेत. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॅथ्रॉपच्या कारखान्यात डीबीसीपी हे कीटकनाशक हाताळणाऱ्या कामगारांच्या आपसांतल्या बोलण्यातून ध्यानात आले, की बऱ्याच जणांना मूल होत नाही. तपासणीत कित्येकांचे शुक्राणू शून्य किंवा नगण्य निघाले. जितकी वर्षे काम, तितकी जास्त हानी. गावाच्या हवेला दोष देऊन हे कधीच सापडले नसते. डोंबिवलीतही रिअ‍ॅक्टरवर उभा राहणारा, भट्टीशी घाम गाळणारा, भिवंडीत कापडाच्या रंगात हात घालणारा यांची वेगवेगळी मोजणी हवी. जोडीला तंबाखूची नोंद.

आणि घरात? मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाचा वाटा असतो, त्याची तपासणी स्वस्त आणि बिनसुईची. तरी आधी सुनेची सोनोग्राफी, मग नळ्यांची तपासणी, मग नवस. मुलाच्या तपासणीचे नाव काढले की सासूबाई म्हणतात, ‘आमच्याकडे तसलं काही नाही.’