डोक्याला वीज लावण्याआधी कान तपासून घ्या

वरठीत आवाजाला तोटा नाही. भंडारा रोड स्टेशन आपल्याच गावात, त्यामुळे मुंबई-हावडा मार्गावरच्या गाड्या रात्रंदिवस धडधडत जातात. सनफ्लॅगच्या पोलाद कारखान्यात पाळ्यांवर काम चालतं. धानाच्या हंगामात मळणीयंत्रं आणि राइस मिल, दिवाळी झाली की गावोगावची मंडई, लग्नसराईत डीजे. अशा भागात पन्नाशीचा माणूस ‘कानात शिट्टी वाजते’, ‘रातकिडे ओरडतात’, ‘घुं घुं थांबतच नाही’ म्हणाला तर नवल वाटायला नको.

या त्रासावर, आणि झोप-एकाग्रतेपासून नैराश्यापर्यंत आणखी बऱ्याच गोष्टींवर, डोक्याला बांधून सौम्य वीज सोडणारे पट्टे आता ऑनलाइन विकत मिळतात. ऑपरेशन नाही, गोळी नाही, घरबसल्या वीस मिनिटं. ऐकायला छान वाटतं. पण असा पट्टा मागवण्याचा विचार असेल तर आधी चार गोष्टी समजून घ्या.

पहिली गोष्ट, हा आवाज येतो कुठून? आतल्या कानात कॉक्लिया नावाची वळणदार नळी असते. तिच्यात सुमारे १५,००० केसपेशी असतात. बाहेरच्या आवाजाचं विजेच्या संदेशात रूपांतर करायचं काम त्यांचं. तो संदेश नसेतून मेंदूच्या बुडाशी जातो. तिथे दोन्ही कानांचा हिशेब जुळवून आवाज कुठल्या बाजूने आला हे ठरतं, आणि मग कानाच्या वरच्या बाजूला असलेल्या मेंदूच्या भागात आपल्याला तो ‘ऐकू’ येतो. या भागात बारीक स्वरांची जागा वेगळी, जाड्या स्वरांची वेगळी.

मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलं की केसपेशी मरतात. माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी फटका बसतो तो ४,००० हर्ट्झच्या आसपासच्या बारीक स्वरांना. स, ट, ठ, क अशा व्यंजनांची ओळख याच बारीक स्वरांवर अवलंबून असते. म्हणून बाजारात दुकानदार ‘सात’ म्हणतो आणि आपल्याला ‘साठ’ वाटतं. आवाज येतो, शब्द कळत नाही. घरचे म्हणतात, ‘लक्ष नसतं यांचं.’ लक्ष असतं, कान गेलेला असतो. इकडे मेंदूतल्या त्या स्वरांच्या जागेला संदेश कमी मिळू लागतो. स्टेशन नीट लागत नसलं की आपण रेडिओचा आवाज वाढवतो आणि खरखरच जास्त ऐकू येते, तसं मेंदू करतो. ती खरखर म्हणजेच कानातली शिट्टी. तिला वैद्यकात टिनिटस म्हणतात.

दुसरी गोष्ट, डोक्याला वीज लावून नेमकं काय होतं? मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्यावर बसवतात आणि बॅटरीवरच्या यंत्रातून एक ते दोन मिलिअँपिअर वीज साधारण वीस मिनिटं सोडतात. आधी मुंग्या आल्यासारखं, खाजल्यासारखं होतं. बरीचशी वीज कातडीतूनच एका स्पंजाकडून दुसऱ्याकडे जाते, कवटीतून आत थोडीच पोचते. एवढ्या विजेने मेंदूच्या पेशी थेट पेटत नाहीत, त्यांची पेटण्याची तयारी किंचित कमी-जास्त होते. हे ढोंग मुळीच नाही. २००० साली जर्मनीतल्या गॉटिंगनमध्ये निट्शे आणि पाऊलुस यांनी हातापायांच्या हालचालीशी संबंधित मेंदूच्या भागावर हा परिणाम दाखवला, तेव्हापासून जगभर संशोधन चालू आहे. याच घराण्यातली, पण चुंबकाची कॉइल वापरणारी दुसरी पद्धत औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी अमेरिकेत २००८ पासून मान्य आहे.

तिसरी गोष्ट, कानातल्या आवाजाला याचा उपयोग किती? सुरुवातीच्या छोट्या अभ्यासांत काही लोकांना थोडा वेळ बरं वाटलं. पण पुढे खऱ्या विजेची तुलना लटक्या विजेशी झाली. लटक्या गटात यंत्र तसंच बांधतात, अर्धा मिनिट मुंग्या येऊ देतात आणि मग गुपचूप बंद करतात. त्या गटातल्याही पुष्कळांना बरं वाटलं! कुणीतरी आपली दखल घेतली, उपचार चालू आहे, एवढ्यानेही या त्रासाची धार कमी होते. टिकाऊ आणि खात्रीचा फायदा अजून सिद्ध झालेला नाही. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ साली टिनिटससाठी वर सांगितलेला चुंबकाचा उपचार नेहमीच्या वापरात आणू नये, असं स्पष्ट सांगितलं. गिंको या वनस्पतीच्या आणि झिंकच्या गोळ्यांनाही त्यांनी नकार दिला. होकार दिला तो ऐकण्याची तपासणी, गरज असेल तर कानाचं मशीन आणि त्रासाकडे बघण्याची सवय बदलणारं समुपदेशन यांना.

चौथी गोष्ट, धोका. २०१६ साली या क्षेत्रातल्या संशोधकांनीच ‘ॲनल्स ऑफ न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकातून घरी स्वतःच प्रयोग करणाऱ्यांना सावध केलं. एकाच जागी लावलेल्या विजेचा परिणाम माणसागणिक वेगळा होतो. एक क्षमता वाढली तर दुसरी घटूही शकते. रोज, महिनोनमहिने वापरल्यावर काय होतं हे अभ्यासलेलंच नाही. स्पंज सुकला तर कातडी भाजते. मिरगी असलेल्यांनी, डोक्यात धातूची पट्टी किंवा कॉक्लियर इम्प्लांट असलेल्यांनी, पेसमेकर बसवलेल्यांनी आणि गरोदर बायांनी तर याच्या वाटेला जाऊच नये.

मग करायचं काय?

ऐकू येणं एकाएकी, एक-दोन दिवसांत कमी झालं, तर ‘दडे बसले असतील’ म्हणून तेल घालत बसू नका. ही तातडीची वेळ असते. पहिल्या दोन आठवड्यांत, आणि जितकं लवकर तितकं बरं, उपचार सुरू झाले तर कान वाचण्याची शक्यता जास्त. एकाच कानात शिट्टी येत असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर आवाज होत असेल, किंवा सोबत गरगरत असेल, तरी कान-नाक-घसा डॉक्टरांकडेच जा.

त्रास जुना असेल तर ऑडिओमेट्री करून घ्या. शांत खोलीत हेडफोन लावतात, वेगवेगळ्या स्वरांचे आवाज हळूहळू कमी करत नेतात, ऐकू आला की बटण दाबायचं. दुखत नाही, टोचत नाही. हातात एक आलेख मिळतो. तो जपून ठेवा. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात विचारा, तिथे जमलं नाही तर नागपूरचं मेडिकल कॉलेज किंवा एम्स आहे. मशीन लागलं तर लाजू नका. बाहेरचे आवाज नीट पोचू लागले की पुष्कळांची शिट्टीही मागे पडते. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतून मशीन मिळू शकतं, त्यासाठी यूडीआयडी कार्डाची (दिव्यांग ओळखपत्राची) चौकशी करा.

कारखान्यात किंवा मिलमध्ये काम करणाऱ्या भावांनो, आठ तासांच्या पाळीसाठी आपल्याकडची मर्यादा ९० डेसिबल आहे, आणि ८५ च्या वर कानाला धोका सुरू होतो. आवाजाने आलेला बहिरेपणा हा कायद्यात नोंदलेला व्यवसायजन्य आजार आहे. म्हणून कंपनीत कानाची तपासणी झाली की अहवालाची प्रत मागून घ्या. कापसाचा बोळा भरवशाचा नाही. फोमचा प्लग वापरा. बोटांनी वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. अर्धवट घातलेला प्लग न घातल्यासारखाच.

मंडईच्या आणि लग्नाच्या आयोजकांनो, रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला बंदी आहे, ती पाळा. निदान स्पीकरच्या तोंडाशी लेकरं बसवू नका.

एखाद्या मोठ्या रुग्णालयात मेंदूला वीज देण्याचा रीतसर अभ्यास चालू असेल आणि डॉक्टरांनी सुचवलं, तर घाबरून नकार द्यायचं कारण नाही. फक्त तीन गोष्टी विचारा: अभ्यास सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत आहे का? संमतीपत्र मराठीत आहे का? आणि पैसे लागणार का? संशोधनाचा खर्च रुग्णाकडून घेता येत नाही, असं आयसीएमआरचे नियम सांगतात. पैसे मागितले, तर तो अभ्यास नव्हे, धंदा आहे.

पट्ट्यासाठी काढलेले पैसे खिशातच राहू द्या. या आठवड्यात एक सकाळ काढा, घरातल्या ज्येष्ठांनाही सोबत घ्या आणि कान तपासून या.