ब्युरेटला हात न लावता मिळालेली पदवी

महासाथीत विद्यार्थ्यांनी ऑनलाइन शिक्षण कसं आत्मसात केलं, याचे गोडवे अजून अहवालांतून गायले जातात. मी दक्षिण रायगडातल्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. माझ्या डोळ्यांसमोर जे घडलं ते असं : मुलांना वाऱ्यावर सोडलं गेलं आणि ती कशीबशी तगली. यात विद्यापीठांनी पाठ थोपटून घ्यावी असं काहीही नाही.

२५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली. ३ जूनला निसर्ग वादळ आमच्यावरून गेलं. श्रीवर्धन, म्हसळ्याकडे पोफळीच्या बागा झोपल्या, विजेचे खांब आडवे झाले, कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. तिथल्या मुलांना महाविद्यालयाने काय पाठवलं? मीटिंगची लिंक. हजेरी लिंकवरूनच लागेल, ही सूचनासुद्धा व्हॉट्सॲपवर. परिस्थिती कुणाला माहीत नव्हती म्हणावं, तर तसंही नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीचे २०१७-१८ चे आकडे सरकारनेच जाहीर केले होते : देशाच्या ग्रामीण भागात शंभरातल्या जेमतेम १५ घरांत इंटरनेट, आणि संगणक चारेक घरांत.

सिंधुदुर्गातली एक विद्यार्थिनी रेंजसाठी डोंगरावर झोपडी करून भर पावसात अभ्यास करत होती. वर्तमानपत्रांनी तिच्या जिद्दीचं कौतुक केलं. कौतुक करावं अशीच ती पोरगी. पण तिला डोंगर चढावा लागला, याचा जाब कुणाला विचारला?

मला सर्वांत जास्त संताप येतो तो याचा की दूरशिक्षण महाराष्ट्राला नवं नव्हतंच. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून हेच काम करतंय. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. वर्गात येऊ न शकणारा माणूस आधी डोळ्यांसमोर ठेवायचा, त्याला एकट्याने वाचून कळेल असं पुस्तक लिहायचं, ते छापून त्याच्या हाती द्यायचं, अडलं तर जवळच्या अभ्यासकेंद्रात सोडवून द्यायचं. तीस वर्षांचा हा अनुभव आपल्याच राज्यात होता. टपालही चालू होतं. तरी आमच्याकडून एकाही मुलाच्या घरी छापील पान गेलं नाही. बैठका झाल्या त्या कोणतं ॲप घ्यायचं यावर.

आणि प्रयोग? टायट्रेशन करताना एक हात ब्युरेटच्या तोटीवर, दुसऱ्या हातात फ्लास्क सतत फिरता. शेवटी थेंब थेंब सोडायचं. फिनॉल्फ्थेलिनचा फिकट गुलाबी रंग टिकला की तिथेच थांबायचं. एक थेंब जास्त पडला की रंग भडक होतो आणि पुन्हा पहिल्यापासून. असं चार वेळा बिघडल्याशिवाय हात बसत नाही. आमच्या मुलांनी हे यूट्यूबवर पाहिलं, ग्रुपवर आलेली रीडिंग जर्नलमध्ये उतरवली, आणि जर्नल प्रमाणित झालं. फी मात्र प्रयोगशाळेची घेतली, ग्रंथालयाची घेतली, जिमखान्याचीही घेतली. घरी बसलेल्या रिक्षावाल्याच्या मुलाकडून जिमखान्याची फी घेताना कुणाचा हात थरथरला नाही.

परीक्षांची कथा तर लाजिरवाणी. राज्य सरकार म्हणत होतं अंतिम वर्षाची परीक्षा नाही. यूजीसीने ६ जुलैला बजावलं, घ्यावीच लागेल. २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने यूजीसीची बाजू उचलून धरली. तोवर मुलं टांगणीला. शेवटी ऑक्टोबरात बहुपर्यायी प्रश्नांवर तीन वर्षांच्या पदवीचा निकाल लावला. मधल्या काळात कृषी महाविद्यालयांतल्या मुलांच्या गुणपत्रिकांवर ‘प्रमोटेड कोविड-१९’ असं छापून आलं. व्यवस्थेची नामुष्की मुलांच्या माथी मारायचा याहून निर्लज्ज प्रकार मी पाहिलेला नाही.

एवढं होऊनही मे २०२१ मध्ये यूजीसीने मसुदा काढला : ४० टक्क्यांपर्यंत शिकवणं ऑनलाइन चालेल. कशाच्या आधारावर? ज्या मुलांना डोंगर चढावे लागले, त्यांना एकदा तरी विचारलं?

त्या तुकड्यांतली मुलं आज औषध कंपन्यांत, साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळांत नोकरीला जातात आणि मुलाखतीत ब्युरेट हातात आली की अडखळतात. आमची प्रयोगशाळा मे महिन्यात कुलूपबंद असते. काचसामान आहे, रसायनं आहेत, शिकवायला आम्ही आहोत. या मुलांना बोलावून, एक पैसा न घेता, त्यांचे बुडालेले प्रयोग करून घ्या, असं पत्र मी प्राचार्यांमार्फत विद्यापीठाला दिलं आहे. त्याला अजून उत्तर नाही.