श्वापदे व सर्प हाताळणाऱ्यांचे संरक्षण

मोंढ्यातील आडतीच्या गोदामात पोत्यांच्या थप्पीआड नाग निघाला, म्हणजे आमचे व्यापारी बंधू प्रथम हमालांस बाहेर काढतात आणि लागलीच सर्पमित्रास बोलावणे धाडतात. तो येतो, जनावर धरतो. कोणी छायाचित्र घेतो, कोणी पेट्रोलापुरते पैसे हातावर ठेवतो, कोणी तेवढेही नाही. त्या मनुष्यास दंश झाला तर त्याच्या मुलाबाळांकडे पाहावयाचे कोणी, हा प्रश्न जमलेल्या घोळक्यात कोणाच्या मनातही येत नाही. तो आज आम्ही विचारीत आहो.

आमच्या बीड जिल्ह्यात प्राणिसंग्रहालय नाही. वाघ पाहावयाचा तर छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानात जावे लागते. तेथल्यासारख्या जागी रक्षकाचा जीव पिंजऱ्याच्या रचनेवर व शिस्तीवर अवलंबून असतो. दार दुहेरी हवे. प्राणी आतल्या कोठडीत कोंडल्याखेरीज बाहेरच्या आवारात पाऊल पडता कामा नये. आणि कडी लागली की नाही हे दुसऱ्या मनुष्याने डोळ्यांनी पाहिले पाहिजे. एवढी व्यवस्था शक्य असलेल्या ठिकाणीही धोका टळत नाही. बंगळुरूजवळील बन्नेरघट्टा उद्यानात ऑक्टोबर २०१७ मध्ये नुकताच कामास लागलेला एक रक्षक पांढऱ्या वाघांच्या हल्ल्यात प्राणास मुकला.

मग जेथे पिंजराच नाही तेथील सेवकांची काय कथा? नोव्हेंबर २०२० मध्ये आष्टी तालुक्यात बिबट्याने काही दिवसांत तिघांचे बळी घेतले, तेव्हा उभ्या तुरीत व उसात त्याचा माग काढणारे वनरक्षक व वनमजूर हे माणसेच होते. पुढल्याच वर्षी, २० नोव्हेंबर २०२१ रोजी, ताडोबात व्याघ्रगणनेच्या पूर्वतयारीसाठी पायी निघालेल्या एका महिला वनरक्षकास वाघिणीने ठार केले. वर्तमानपत्रांनी चार दिवस हळहळ केली. असो.

वनरक्षकास निदान सरकार हा धनी आहे. सर्पमित्रास धनीच नाही. कामावर इजा झालेल्या मजुरास भरपाई मिळावी हे तत्त्व या देशाने १९२३ च्या कायद्याने मान्य केले. परंतु भरपाई मागावयाची तर मालक दाखवावा लागतो. इकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने सर्पास संरक्षण दिले, वनखात्याच्या अनुमतीवाचून त्यास पकडण्यास मज्जाव केला आणि पकडण्याचे काम मात्र या बिनपगारी मंडळींवर सोपविले. काम सरकारचे आणि जोखीम घरची, हा व्यवहार कोणत्याही दुकानदारास आपल्या वहीत मांडता येणार नाही. जुलै २०२५ मध्ये राज्याच्या महसूलमंत्र्यांनी सर्पमित्रांस ओळखपत्र व १० लक्ष रुपयांचा अपघात विमा देण्याचा मनोदय प्रकट केला. आम्ही त्याचे स्वागत करतो; मात्र मनोदयाने दवाखान्याचे बिल फिटत नाही.

येथे कोणी म्हणेल की, कित्येक सर्पमित्र नाग गळ्यात घालून मिरवितात, त्यांस विमा कशाला? आक्षेप खोटा नाही. असल्या प्रदर्शनप्रिय गृहस्थांचे ओळखपत्र खुशाल काढून घ्यावे. पण म्हणूनच शिक्षण व परीक्षा यांची अट हवी; आकडी, नळी व पिशवी यांवाचून हाताने सर्प धरणारास अधिकृत म्हणू नये.

उपचाराचीही गोष्ट पाहा. आपल्याकडील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांच्या विषावर चालते. पण ते वेळेत टोचले गेले पाहिजे. आष्टी जिल्ह्याच्या पश्चिम टोकास, तर स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय पूर्वेस अंबाजोगाईस! तालुक्याच्या रुग्णालयात प्रतिविष आहे व ते देणारा वैद्य रात्रीही हजर आहे, याची खात्री जिल्हाधिकाऱ्यांनी स्वतः करून घ्यावी.

सरकारचा हुकूम येईपर्यंत आपण हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. बाजार समित्यांनी वनखात्याकडून आपापल्या गावच्या शिकलेल्या सर्पमित्रांची यादी मागवावी, त्यांच्या विम्याचा वार्षिक हप्ता आपल्या निधीतून भरावा, आणि हे सर्व मृगाचा पहिला पाऊस बिळांत शिरण्यापूर्वी, म्हणजे मे महिन्याच्या आत, उरकावे.