दहावीचे बीजगणित आणि चक्रवाढीचा हिशेब

शाळेतील बीजगणिताचा विषय निघाला की दोन टोकांची मते ऐकू येतात. एक पक्ष विचारतो, वर्गसमीकरणे सोडवून कारकुनाच्या किंवा दुकानदाराच्या पदरात काय पडते? दुसरा पक्ष म्हणतो, बीजगणिताने बुद्धीला शिस्त लागते. तेथे उपयोगाचा प्रश्न गैरलागू आहे. या वादात एक साधी गोष्ट नजरेआड होते. दहावीला शिकलेले बीजगणित हे असंख्य विद्यार्थ्यांच्या आयुष्यातील अखेरचे बीजगणित असते. कला शाखेतील बहुतेक आणि गणित ऐच्छिक असल्यामुळे वाणिज्य शाखेतीलही पुष्कळ विद्यार्थी तेथेच या विषयाचा निरोप घेतात. निरोपापूर्वी त्यांना नेमके काय आले पाहिजे, हा खरा प्रश्न आहे.

नववीत बीजगणिताची स्वतंत्र ओळख होते आणि दुसऱ्या वर्षी, म्हणजे दहावीत, ती पुरी व्हावी अशी अपेक्षा असते. दहावीसाठी २०१८ साली आलेल्या ‘गणित भाग १’ या पाठ्यपुस्तकात दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे, अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता आणि सांख्यिकी अशी सहा प्रकरणे आहेत. वस्तू व सेवा कर, शेअर, म्युच्युअल फंड हे विषय शाळेत आणणारे अर्थनियोजनाचे प्रकरण स्वागतार्हच आहे. परंतु श्रेढी मात्र एकच, अंकगणिती. तिच्यात दर पदाला ठरावीक संख्या मिळवली जाते. ज्या श्रेढीत दर पदाला ठरावीक संख्येने गुणले जाते, ती भूमिती श्रेढी अकरावीसाठी राखून ठेवलेली. चक्रवाढ व्याजाचे सूत्र आठवीत येऊन जाते, पण सुटे. त्यामागचा विचार पुढे वाढवला जात नाही.

हा भेद किती मोठा आहे, हे भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’त दाखवून ठेवले आहे. पहिल्या दिवशी दोन कवड्या देऊन रोज दुप्पट दान देणारा दाता महिन्याभरात किती देईल, असे उदाहरण तेथे आहे. रोज दोन कवड्या वाढवत गेल्यास तीस दिवसांचे दान ९३० कवड्या होते. रोज दुप्पट केल्यास ते २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४६ कवड्यांवर जाते. आठशे वर्षांपूर्वी ज्या विषयाला श्रेढीव्यवहारात स्थान होते, तो आज शालान्त परीक्षेच्या उंबरठ्याबाहेर उभा आहे.

व्यवहारात याची किंमत मोजावी लागते. १ लाख रुपयांचे कर्ज ३ वर्षांसाठी १० टक्के ‘फ्लॅट’ दराने मिळते, असे सांगितले जाते. व्याज ३० हजार. म्हणजे दरमहा सुमारे ३,६११ रुपयांचे ३६ हप्ते. दर दहा टक्क्यांचा वाटतो. पण मुद्दल महिन्यागणिक फिटत असताना व्याज अखेरपर्यंत संपूर्ण लाखावरच आकारलेले असते. दरमहा दीड टक्का धरून या ३६ हप्त्यांचे आजचे मूल्य काढले, तर ते जवळजवळ १ लाख येते. म्हणजे खरा दर वर्षाला सुमारे १८ टक्के. ही बेरीज भूमिती श्रेढीची आहे. ती न येणाऱ्याला फसगत दिसत नाही. नव्या किरकोळ कर्जांसाठी मुख्य तथ्यांचे विवरणपत्र देऊन त्यात वार्षिक दर दाखवण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने बँका व वित्तसंस्थांवर १ ऑक्टोबर २०२४ पासून घातले, हे योग्यच झाले. पण कागद वाचणाऱ्याला आकड्याचा अर्थ कळला पाहिजे. आणि शेकडा तीन रुपये महिन्याने पैसे देणारा सावकार असे विवरणपत्र देत नाही. त्या दराने व्याजावर व्याज चढत गेले, तर दोन वर्षांतच दाम दुप्पट होतो.

महागाईचेही असेच. भाव दरसाल ६ टक्क्यांनी वाढत राहिले, तर १२ वर्षांत ते दुप्पट होतात. निवृत्तीच्या दिवशी हाती आलेली रक्कम पुढे किती वर्षे पुरेल, हा शिक्षकाला आणि कारकुनाला पडणारा प्रश्न बेरजेने सुटत नाही.

अभ्यासक्रमाचा भार आधीच जड आहे, हा आक्षेप खरा आहे. म्हणून नवे घालताना जुने काढलेच पाहिजे. दोन चलांची समीकरणे लोप पद्धतीने व आलेखाने सुटत असताना, त्याच वयात क्रेमरची पद्धत घोकून घेण्याचे प्रयोजन नाही. निश्चयक पुढे गणित घेणाऱ्यांसाठी राहू द्यावेत. वर्गसमीकरणे ठेवावीत, पण साच्यातील उदाहरणांची संख्या कमी करावी. वाचलेल्या तासांत भूमिती श्रेढी, तिची बेरीज आणि तिच्या आधारे कर्जाचा हप्ता एवढे सहज बसते. घातांकांचे नियम विद्यार्थ्यांना तोवर शिकवलेले असतातच.

हप्ता यंत्र काढून देते, मग शिकायचे कशाला, असेही विचारले जाईल. यंत्र उत्तर देते. दोन कर्जांपैकी कोणते घ्यावे, की घेऊच नये, हा निर्णय माणसालाच करावा लागतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० ला अनुसरून अभ्यासक्रमाची फेरमांडणी हाती घेण्यात आली आहे. तज्ज्ञ समित्यांनी प्रकरणांची यादी करताना अभियंता होणाऱ्या मुलाचा विचार करावाच. परंतु दहावीनंतर गणिताचे पुस्तक कायमचे मिटणाऱ्या मुलामुलींचा विचार त्याआधी करावा. कर्जाच्या कागदावर सही त्यांनाही करायची आहे.