पक्षी सप्ताह फळ्यावर नको, माळावर हवा



5 नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि 12 नोव्हेंबर डॉ. सालिम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा आपल्या राज्यात 2020 पासून पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. साजरा होतो म्हणजे काय, तर पोपट-मोराची चित्रं, एक निबंध, एक भाषण आणि फोटो. मध्ये दिवाळीची सुट्टी आली तर तेवढंही नाही. मीही वर्षानुवर्षं हेच केलंय, म्हणून बोलतोय.

माझं म्हणणं एवढंच: या दिवसांत मुलांच्या हातात एक वही द्या आणि त्यांना बाहेर काढा. पक्षी, तारीख, जागा, संख्या. बस्स.

निबंधात काय येतं ते तुम्हाला माहीतच आहे. "हे पक्षी सायबेरियातून येतात." सगळेच! आपल्या जिल्ह्यात शेवगाव-नेवाशाच्या बाजूला जायकवाडीचं पाणी पसरलंय, तिथल्या रोहित पक्ष्यालाही मुलं सायबेरियाचा करून टाकतात. रोहितची घरटी असतात कच्छच्या रणात. त्याच पाण्यावरचा नारिंगी चक्रवाक लडाख-तिबेटकडचा. आणि डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब तर हिमालय ओलांडून येतो.

कर्जतजवळ रेहेकुरीला काळवीट बघायला सहली जातात. एकदा मुलांची नजर काळविटांवरून काढून गवतावर न्या. गवताला घासून जाईल इतक्या खालून, पंख किंचित वर धरून एखादा शिकारी पक्षी तरंगत गेला, तर तो भोवत्या. मध्य आशियाकडून येतो, नाकतोडे खातो आणि रात्री जमिनीवरच, गवतात झोपतो. आपण ज्या माळाला पडीक म्हणून हिणवतो, तिथं त्याचा सगळा हिवाळा जातो.

"पण सर, आम्हालाच पक्षी ओळखता येत नाहीत," असं सहकारी म्हणतात. मलाही येत नव्हते. सुरुवात परिटापासून करा. ऑक्टोबरपासून शाळेच्या मैदानात, नळाच्या ओलीजवळ तुरुतुरु पळत शेपटी वर-खाली हलवणारा तो. एक सांभाळा मात्र. काळ्या डोक्यावर पांढरी ठळक भुवई आणि पाठही काळी असेल, तर तो बारा महिने आपल्याकडेच राहणारा मोठा परीट. पाठ राखाडी आणि चेहरा पांढरा असेल, तर तो उत्तरेकडून आलेला पाहुणा. आमच्या चौथीच्या पोरांना हा फरक दोन दिवसांत कळला. मला आठवडा लागला.

नोंद कशाला, असं कुणी विचारेल. कर्जत-श्रीगोंद्याचा माळ 1979 साली माळढोकसाठी राखलेल्या अभयारण्यात होता. आज तिथं माळढोक दिसणं जवळपास संपलंय. म्हातारी माणसं सांगतात, "आमी पाह्यलाय की." पण तो कुठल्या गावच्या शिवारात, कोणत्या साली शेवटचा दिसला, हे आपल्या किती शाळांच्या दप्तरात लिहिलेलं सापडेल? पक्षी होता तेव्हा शाळाही होती, मास्तरही होते.

आता मुद्द्याची अडचण. माझी शाळा पाथर्डी तालुक्यात. पाहुणे पक्षी यायला लागतात नेमक्या त्याच वेळी आमचे बाक रिकामे होतात. कारखाने पेटतात, कोयते निघतात. एका वर्षी मी फळ्यावर 'स्थलांतर' लिहून समजावत होतो. थंडी वाढली, खायला मिळेना, की पक्षी दुसरीकडं जातात, उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. मागून एक पोरगा म्हणाला, "सर, मंग आमी बी तसलेच का? परवा निघायचंय आमाला."

वर्ग हसला. मला हसता आलं नाही. हंगामी वसतिगृह, शिक्षण हमी कार्ड हे सगळं सांगून झालं होतं, पण त्याच्या मागं घरी आजी-आजोबाही नव्हते आणि आईनं त्याला सोडायला नकार दिला. मी त्याला कार्डाबरोबर एक वही दिली. म्हटलं, "बाळा, तू नेवाशाकडं चाललायस. आम्हाला इथं दिसणार नाहीत असे पक्षी तुला दिसतील. लिहून आण."

खरं सांगतो, वही परत येईल असं वाटलं नव्हतं. पालकहो, तुम्हीही घरच्या मुलाला अशी वही देऊन बघा, चारचाकीतून पक्षी बघायला नेलंच पाहिजे असं नाही.

मार्चच्या शेवटी तो आला. वहीला चिखल लागलेला, निम्मी पानं उसाच्या हिशोबाची, बहुधा बापानं लिहिलेली. मधल्या एका पानावर त्याचं अक्षर होतं: "कोपीमागं तळं. नारंगी बदक 6. जोडीजोडीनं बसत्यात. सकाळी थंडी लई."

तारीख घालायची राहिली होती. दोघांनी बसून, कोपी कधी हलवली ते आठवून आठवून महिना तरी काढला.